सातवा लेथ

कारखान्यात धातू कातायचे लेथ सात होते. सहा फिरत असत आणि सातवा जाड कापडाखाली झाकलेला असे. कामगार त्याला जावई म्हणत. रोज सकाळी त्याला तेलपाणी मिळे, अंगावरची धूळ पुसली जाई, पण काम सांगायला कुणी धजत नसे.

कारखाना आत्याचा. तिचा माल इतरांपेक्षा थोडा महाग पडे, तारीखही लांबची मिळे. मात्र दिलेली तारीख कधी चुकली नव्हती. भाचा आठ महिन्यांपूर्वी नियोजन सांभाळायला आला होता. तो अबोल; माणसांपेक्षा तक्त्यातल्या चौकोनांशी त्याचे अधिक जमे. सातव्या लेथचा चौकोन रिकामा दिसला की त्याच्या जिवाला लागे. आत्या चार दिवस परगावी गेली, तेव्हा त्याने धीर करून चारशे बुशांची, म्हणजे धातूच्या छोट्या नळकांड्यांची, ऑर्डर स्वीकारली, शुक्रवारची तारीख दिली आणि जावयाला कामाला जुंपले.

बुधवारी सकाळी तिसऱ्या लेथचा गिअरबॉक्स फुटला. त्यावर पाणीपुरवठ्याच्या मोठ्या पंपाचा शाफ्ट, त्याचा फिरता दांडा, अर्धा कातून झाला होता. तो गुरुवारी दुपारी बाराच्या आत पोचायचा होता, आणि बाकीच्या पाच लेथांवर दुसऱ्या तारखांची कामे चढलेली होती. तासाभरात आत्या परतली आणि फिरणाऱ्या सातव्या लेथपाशी येऊन थांबली.

"जावईबापू कामाला लागले वाटतं."

"तुमच्या भाच्यानं लावलं, ताई," म्हातारे मिस्त्री म्हणाले. "आम्ही म्हटलं, घरचा मामला आहे."

भाचा पुढे आला. "आत्या, पाणीपुरवठ्याकडून एक दिवस मागून घेऊ या. त्यांचा जुना पंप चालू आहे."

"माग की. फोन तूच कर."

फोन पंपचालकाने उचलला. "जुना पंप? तो कालच खोलला. टाकीत उद्या संध्याकाळपर्यंत पुरेल एवढं पाणी आहे."

"पण शाफ्ट अजून आलेला नाही."

"तारीख आली होती ना. तुमची म्हटल्यावर थांबायचं कशाला?"

भाच्याने फोन खाली ठेवला. तक्त्यात त्याने त्या तारखेला एक चौकोन दिला होता, त्याच्या नखाएवढा. त्या चौकोनावर विसंबून कुणीतरी चालता पंप उघडून ठेवला होता. न पाहिलेल्या घरांतले नळ, भरायच्या घागरी, न्हाऊ घालायची मुले, हे सारे आत्याच्या एका शब्दावर निश्चिंत होते, आणि त्या शब्दाखालचा आधार त्याने काढून घेतला होता.

"सातवा मोकळा करा," तो मिस्त्रींना म्हणाला, "शाफ्ट त्यावर चढवा." मग कुणी न सांगता त्याने बुशवाल्यांनाही फोन केला. "शुक्रवारी जमणार नाही. चूक माझी आहे." पलीकडून त्यांनी दोन शब्दांत ऑर्डर रद्द केली.

आत्याने चहाचा पेला त्याच्यासमोर सरकवला.

बुशांची जोडणी उतरवून शाफ्ट चढवायला दुपार झाली. गुरुवारी सकाळी शेवटचा काप उरला, तेव्हा भाच्याची नजर घड्याळावरून हलेना.

"जरा वेग वाढवता येईल का?"

"येईल," मिस्त्री मायक्रोमीटर पुसत म्हणाले. "मग शाफ्ट वेळेवर पोचेल, पण पंपात बसणार नाही. तू बाहेर जाऊन बस बरं."

तो गेला नाही. धातूची केसासारखी बारीक, निळसर कात सुटत होती आणि मिस्त्री श्वास रोखून तिच्याकडे पाहत होते. त्या संथपणात जी शांती होती, ती त्या रिकाम्या चौकोनानेच दिली होती, हे त्याला तिथे उभे असताना उमगले.

बाराला वीस मिनिटे असताना शाफ्ट पंपघरात उतरला. तो अचूक बसला. चार वाजता पंपचालकाने खटका दाबला. जमीन हलकेच गुरगुरली. भाच्याने माणसाएवढ्या जाड नळावर तळवा टेकला. आतून पाणी वर चढत होते. पंपचालकाने सहज जांभई दिली, जणू काहीच घडले नव्हते. भाचा मात्र कितीतरी वेळ हात काढू शकला नाही.

परतल्यावर त्याने सातवा लेथ पुसला, तेल दिले, कापड ओढून चारही कोपरे नीट केले.

"जावयांची बडदास्त बरी चाललीय," मिस्त्री म्हणाले.

"त्यांना उठवायचं नाही," तो म्हणाला, आणि पुढच्या आठवड्याच्या तक्त्यात सातवा चौकोन त्याने कोराच ठेवला.