माझ्या काचांसमोरून निसटलेलं अक्षर

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. माझी डावी काडी दोऱ्याने बांधलेली आहे आणि हल्ली मी टेबलाच्या खणात पडून असतो. पण मी रडगाणं गायला आलेलो नाही. मला राग आला आहे.

माझी मालकीण छापखान्यात मुद्रितं तपासते. सगळे तिला मावशी म्हणतात. चौदा वर्षं मी तिच्या नाकावर बसून काना-मात्रांच्या चुका पकडल्या. "मावशींच्या नजरेखालून गेलं ना? मग छापा," असं छापखान्याचे मालक म्हणायचे, तेव्हा मीही जरा ताठ बसायचो.

एका दुपारी तिला ईमेल आला. 'तुमचं ईमेल खातं आज बंद होईल. चालू ठेवायला खालच्या पत्त्यावर पासवर्ड भरा.' पत्ता नेहमीच्या कंपनीचा दिसत होता. नुसता दिसत होता. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' इतके खेटून बसवले होते, की दोन्ही मिळून 'एम'च वाटावा. कामाची घाई होती. मावशीने पासवर्ड भरला.

मग चोरांनी तिच्या नावाने सगळ्या ओळखीच्यांना तसाच ईमेल धाडला. धाकट्या बहिणीनेही पासवर्ड दिला. तिच्या खात्यात तिच्या गेलेल्या नवऱ्याचे फोटो होते. चोरांनी ते पुसून टाकले.

"तुझ्याकडून आलेलं मी कशाला तपासू, ताई?" बहीण फोनवर एवढंच म्हणाली.

मावशीने मला काढून बाजूला ठेवलं आणि कितीतरी वेळ डोळे पुसले.

छापखान्यात मात्र हशा पिकला. "मावशी, आता चष्मा बदला," मालक म्हणाले. दोष माझ्या काचांचा? तिच्या वयाचा? अहो, ती अक्षरं कोणीतरी मुद्दाम, नेम धरून तिथे बसवली होती. त्या लबाडाला कोणी एक शब्द बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी, नवा चष्मा यायचा होता म्हणून, मी अजून तिच्या नाकावरच होतो. तिने वही उघडली आणि एकेकाला फोन लावला. "मी फसलेय. माझ्या नावाने आलेलं काही उघडू नका." सत्तावीस फोन. तिने एकही टाळला नाही. जुनी शेजारीण म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. मी आत्ता तेच उघडून बसले होते."

मित्रांनो, ईमेलमधून आलेल्या पत्त्यावर क्लिक करू नका. खरा पत्ता स्वतः टाईप करा. आणि फसलेल्या माणसाला हसू नका. लोक हसतील म्हणून तो गप्प बसतो, आणि चोराला नेमकं तेच हवं असतं.