खाल्लेले अंगी का लागेना

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही. मी माणसाच्या शरीरातले एक जुने जनुक आहे. अन्नातले बी-बारा जीवनसत्त्व रक्तात जायचे, तर लहान आतड्याच्या शेवटी त्याला धरून आत घेणारा एक ग्राही लागतो. तो कसा घडवायचा, हे माझ्यात लिहिलेले असते. लिहिलेले बरोबर असले की माझी कुणाला आठवणही येत नाही.

लासुर्ण्याच्या साखरबाईंकडे माझ्या दोन प्रती होत्या. एक बरोबर, एक चुकलेली. एक बरोबर असली तरी भागते. त्या उसाच्या रानात राबून म्हाताऱ्या झाल्या, पण त्यांना काही झाले नाही. चुकलेली प्रत त्यांची मुलगी भामाबाई आणि मुलगा या दोघांकडे गेली. तेही धडधाकट राहिले. पुढे भामाबाईंनी आपल्या दीपकसाठी भावाचीच मुलगी, निकिता, सून करून आणली. या दोघांना मुलगी झाली, राजनंदिनी. तिच्या वाट्याला मात्र आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून माझी चुकलेलीच प्रत आली.

शाळेत जायला लागली तशी ती पिवळी पडत गेली. जीभ लालबुंद, घास झोंबायचा. वर्गात बाकावर डोके टेकून झोपायची. पळताना पाय अडखळायचे.

भामाबाईंचा सगळा राग निकितावर. "पोरीला खायला घालती का न्हाय तू? अंगात रगात दिसंना तिच्या."

"आत्या, सकाळी अंडं दिलंय, दूध दिलंय. आणखी काय करू?"

"मग जातंय कुठं समदं?"

काय सांगू मित्रांनो! नेमका प्रश्न विचारला होता, पण भलत्याच माणसाला. मला उत्तर ठाऊक होते आणि तोंड नव्हते. दीपक भिगवणहून ताजी चिलापी आणायचा. निकिता काटे काढून भरवायची. त्या माशांतले बी-बारा आतड्याच्या शेवटापर्यंत यायचे आणि धरणारे कुणी नाही म्हणून तसेच पुढे निघून जायचे. गावात लोहाचे औषध झाले. नंतर कुणीतरी बी-बाराच्या साध्या गोळ्या दिल्या. त्याही तोंडावाटेच! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एके दिवशी राजनंदिनी शाळेच्या पायरीवर कोसळली. तिघे तिला घेऊन बारामतीला गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासले, लघवी तपासली आणि विचारले, "तुमचं दोघांचं लग्नाआधी काही नातं होतं का?"

"व्हय, ही माझ्या मामाची मुलगी," दीपक म्हणाला.

डॉक्टरबाईंनी लगेच इंजेक्शन सुरू केले आणि रक्ताचा नमुना जनुकांच्या तपासणीला पाठवला. अहवाल आल्यावर त्यांनी तिघांना समोर बसवले. "आईच्या खायला घालण्यात काही कमी नाही. हिच्या आतड्याला बी-बारा आत घेता येत नाही. हा दोष आईकडूनही आलाय आणि वडिलांकडूनही. चूक कुणाचीच नाही."

"मंजी माझ्या ल्योकाकडनं बी?" भामाबाईंनी विचारले.

"हो आजी. आणि दिसतंय असं, की त्याच्याकडं तुमच्याकडून."

निकिता पदर तोंडाला लावून रडली. इतकी वर्षे चोरासारखी वागवली गेलेली बाई, दुसरे काय करणार?

इंजेक्शनाचे बी-बारा मला वळसा घालून थेट रक्तात पोहोचले. राजनंदिनी स्वतःहून भाकरी मागू लागली. गालांवर रंग आला. अंगणात लंगडी घालू लागली. मला वाटले, सुटले एकदाचे!

कसले काय! पोरगी हसती-खेळती दिसल्यावर दर महिन्याला घ्यायची सुई लांबणीवर पडू लागली. कधी ऊसतोड, कधी पाहुणे. एकदा तर दीपक म्हणाला, "आता ठणठणीत हाय की ती." भामाबाईंनीही री ओढली, "पोरीला उगं टोचायचं कशाला? एवढ्या खेपंला ऱ्हाऊ दे."

आतल्या आत मी तळमळत होते. अरे, मी कुठे सुधारले आहे?

त्या दिवशी निकिता घरात पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली. "न्हाय आत्या. ती बरी दिसती ती सुईमुळंच. पुन्हा तिला पायरीवर पडल्याली बघायची न्हाय मला." दीपकची वाट न बघता तिने लेकीचा हात धरला आणि बारामतीची एसटी गाठली. भामाबाई दारात उभ्या राहून त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. मग चपला पायांत सरकवून हाका मारत निघाल्या, "थांबा गं, मी बी येती!"

मित्रांनो, मी असेच चुकलेले राहणार. राजनंदिनी म्हातारी झाली तरी तिला हे औषध लागणार. तुमच्या वर्गात कुणी सारखे दमत असेल, पेंगत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका आणि त्याच्या आईला बोल लावू नका. आधी त्याला डॉक्टरांकडे न्या. आणि औषधाने बरे वाटले, म्हणून औषध सोडू नका.