दाताच्या डॉक्टरांनी मला तपासलं तेव्हा

मी एक विलायती गाडी बोलतेय. एका दमात बोलायला लागले याचं मलाच नवल वाटतंय. एरवी सुरू व्हायला मला फार वेळ लागतो.

माझा जन्म इंग्लंडातला. जेमतेम दोन माणसं मावतील अशी मी, बुटकी, लांब नाकाची, उघड्या डोक्याची. धुक्यातून भरधाव पळावं म्हणून मला घडवलं, आणि सोलापूरच्या एका कापड गिरणीच्या साहेबानं बोटीनं इकडं आणलं. माझ्यात हीटर आहे. सोलापुरात! पुढं साहेब गेला, गिरणी बंद पडली आणि मी वेणीमाधव सरांकडे आले.

सर भूगोल शिकवायचे. त्यांनी मला जीव लावला, पण चालवलं क्वचितच. रविवारी बॉनेट उघडायचं, आत बघून "हं" म्हणायचं आणि मिटायचं. शेजारच्या सीटवर कायम त्यांची हत्यारांची पेटी. त्यांच्या पत्नी रुक्मिणीकाकू माझ्या अंगावर कुरडया वाळवायच्या. शेवटी यंदा त्यांनी निकाल दिला, "हिला विका. शेडमधी मला पिठाची चक्की टाकायची हाय."

सरांना नाही म्हणता आलं नाही.

बघायला आले अझरुद्दीन, दाताचे डॉक्टर. त्यांनी खिशातून दात तपासायचा छोटा आरसा काढला, माझ्या चाकावरच्या फटीत घातला आणि सवयीनं म्हणाले, "आ करा."

सरांनी तोंड उघडलं.

मग डॉक्टरांनी दाराला लोहचुंबक लावलं. ते टपकन खाली पडलं. "इथं पत्रा नाही सर, नुसती पुट्टी भरलीय. कीड लागली होती काय?"

"सगळीच किडलीय," सर हुरूपानं म्हणाले. "ब्रेक मनाला येईल तेव्हा लागतात. पावसात आत तळं साचतं. आणि तेल गळतं ते वेगळंच."

"कुटं गळतंय?" काकू मध्ये पडल्या. "ते डाग शेजारच्यांच्या स्कूटरचं हाईत."

सरांना वाटलं, गिऱ्हाईक आता पळणार. पण एकेक दोष ऐकून डॉक्टरांचा चेहरा खुलत चालला. "सर, लोक दडवून विकतात. तुमच्यासारखा सच्चा माणूस मी पाहिला नाही. गाडी पसंत आहे. फक्त एक चक्कर मारून बघू."

सर पुढं सरसावले. काकूंनी त्यांना अडवलं. "तुमी हितंच थांबा. तितं जाऊन आणखी चार रोग सांगाल." त्यांनी पेटी उचलून सरांच्या हातात दिली आणि स्वतः माझ्यात बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"अगं बाई, रस्त्यावरच बसल्यासारखं वाटतंय की!"

आम्ही निघालो. वारा लागला, पदर उडाला. काकूंनी आधी डोळे मिटले, मग एक उघडला, मग दोन्ही. थोड्या वेळानं त्या खुदकन हसल्या. इतकी वर्षं मी त्यांचं ओरडणंच ऐकलं होतं. हसणं नवीन होतं.

सात रस्ता चौकात मधोमध मी बंद पडले. मुद्दाम नाही, शपथ. चहूकडून हॉर्न वाजायला लागले. डॉक्टर घामाघूम. चार माणसं ढकलायला धावली. काकूंनी मात्र पदर सारखा केला आणि वरातीतल्या नवरीसारख्या ताठ बसून राहिल्या. हातगाडीवरची पेरूवाली ओरडली, "काकू, लई भारी हाय की! तुमची काय?"

काकूंनी माझ्या दारावर हात ठेवला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "माझीच की."

त्याच वेळी माझं इंजिन सुरू झालं. हे मात्र मुद्दाम.

घरी आल्यावर डॉक्टर म्हणाले, "काकू, मी घेतो."

"चहा घ्या. गाडी विकायची न्हाई."

डॉक्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. सरांचे डोळे भरून आले. तेवढ्यात काकू त्यांच्याकडे वळल्या, "उद्यापास्नं मला शिकवा," आणि ते डोळे एकदम कोरडे झाले.

आता मी रोज बाहेर पडते. काकू मंडईला जातात, मैत्रिणीकडे जातात, कधी कुठंच जात नाहीत, नुसत्या फिरतात. चक्की व्हरांड्यात आली. डॉक्टर अधूनमधून येतात, नकार मिळालेल्या मुलासारखे लांबूनच बघतात आणि चहा पिऊन जातात.

तुम्हीही कधी जुनी गाडी बघायला गेलात तर लोहचुंबक न्या, आरसा न्या, खाली लोळून बघा. पण एक कळकळीची विनंती. गाडी खरंच घ्यायची असेल, तर त्या घरच्या बाईला चक्कर मारायला नेऊ नका.

बरं, येते आता. काकू बसल्यात, आणि सर मागून ढकलायला लागलेत.