जोडीचा माणूस

सहादेवचे वडील गहिनीनाथ हे संत योसेफ बंधुसंघाच्या चार संस्थापकांपैकी एक. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर माणसं अंथरूण धरायला लागली, तेव्हा देवळाली प्रवरेच्या चौघा कॅथलिक गड्यांनी त्यांना बैलगाडीत घालून दवाखान्यात पोचवायला सुरुवात केली. त्यातून संघ उभा राहिला. नियम दोनच. आजाऱ्याच्या घरी जोडीनं जायचं, आणि तिथं जे कानावर पडेल ते बाहेर काढायचं नाही.

सहादेवची जोडी अमृतशी. अमृत नागापूरला कारखान्यात होता, गुरुवारी त्याची सुट्टी असायची. बावीस वर्षं दर गुरुवारी दोघं एकाच मोटारसायकलवरून फिरले. कुणाची जखम धुतली, कुणाला पेज भरवली, कुणाच्या उशाशी जपमाळ म्हटली.

तीन वर्षांपूर्वी सहादेवची बायको विजयमाला गेली. त्यानंतर एकदा सोनईहून येताना गाडी पंक्चर झाली. बाभळीखाली बसल्यावर सहादेवला राहवलं नाही.

"अमृत, आठ महिने झाले, प्रार्थना येत न्हाई बघ मला. आजाऱ्यापाशी म्हनतो ती नुसती ओठानं. वर कुनी ऐकतंय आसं वाटतच न्हाई."

अमृतनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "येईल माघारी. दुसऱ्या कुनाला सांगू नको."

आणि ती आलीही, हळूहळू. सहादेव ते दिवस विसरूनसुद्धा गेला होता.

यंदा संघाचे जुने अध्यक्ष काकासाहेब यांनी थकल्यामुळं पद सोडलं. रविवारी चर्चमध्ये मिस्सेची उपासना झाल्यावर सगळे बंधू चर्चमागच्या हॉलमध्ये जमले. काकासाहेब म्हणाले, "माझ्या मनात सहादेव हाय. बापानं संघ काढला, लेकानं सांभाळला."

अमृत उठला. तो दुजोरा देणार म्हणून सहादेव मान खाली घालून बसला.

"मला सांगायला जड जातंय," अमृत म्हणाला. "पन ज्याचा प्रार्थनेवरच विश्वास न्हाई त्यानं संघ चालवावा का? आठ महिने सहादेव आजाऱ्यांपुढं नुसतं नाटक करत हुता. त्यानंच मला सांगितलंय."

फादरांनी हलक्या आवाजात विचारलं, "सहादेव, खरं आहे का हे?"

नाही म्हणता आलं असतं. साक्षीला बाभळीशिवाय कुणी नव्हतं.

"खरं हाय," सहादेव म्हणाला. पुढचं, प्रार्थना परत आल्याचं, त्यानं सांगितलंच नाही.

लगेच बंधूंपैकी राधाकृष्णनं खिशातून कागद काढला. त्यावर अमृतच्या नावाखाली सोळा सह्या आधीच झालेल्या होत्या. शाईचे रंगसुद्धा वेगवेगळे होते; म्हणजे कागद घरोघर फिरला होता. सहादेवच्या बाजूनं चारच हात वर झाले आणि अमृत अध्यक्ष झाला.

संध्याकाळी अमृत सहादेवच्या घरी आला. "राग धरू नको. संघाच्या भल्यासाठी बोललो."

"मग माझ्या तोंडावर बोलायचं हुतं, गाडीवर. बावीस वर्षं माझ्या म्हागं बसत हुतास."

"तू अध्यक्ष झाला आसता तर जुन्याच वाटंनं संघ चालवला आसता. मला म्होरं न्यायचाय."

"ने की. पन माझ्या बायकोच्या मरनावर पाय देऊन चढलास, येवढं ध्यानात ठेव."

अमृतनं चपला घातल्या आणि तो निघून गेला.

गुरुवारी सहादेव एकटाच बनुबाईकडं गेला. म्हातारी दोन वर्षं खाटेवर होती. तिनं विचारलं, "तुझा जोडीदार कुठाय रं?"

"कामात हाय, मावशी."

त्यानं तिचे केस विंचरून दिले, पाणी भरून ठेवलं.

सोमवारी संघाची चिठ्ठी आली, नव्या अध्यक्षांच्या सहीची: एकट्यानं आजाऱ्याच्या घरी जाणं नियमाविरुद्ध आहे, पुढील सूचनेपर्यंत आपण फेरी बंद ठेवावी. नियम बापानंच घातलेला, तो मोडणार कसा? सहादेवनं छातीवरचा संघाचा बिल्ला काढला आणि फादरांच्या हातात नेऊन दिला. फादर म्हणाले, "घाई करू नकोस."

"घाई न्हाई, फादर. बनुबाईकडं जायाचं तर आता शेजारी म्हनून जाईन. शेजाऱ्याला जोडी लागत न्हाई."

तो जात राहिला. अमृत वाटेत दिसला की मात्र तो रस्ता ओलांडायचा.