पाचव्या फोटोतला हात

मी आठ फूट लांब आणि दोन फूट उंच असा एक फोटो बोलतोय. गेल्या आठवड्यापर्यंत दिवाणखान्याच्या भिंतीवर होतो. आता कपाटामागून बोलतोय, तेव्हा आवाज थोडा दबका येईल.

माझा जन्म एका अंगणात झाला. घरातल्या आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता आणि सगळं घर एका ओळीत उभं राहिलं. एका फोटोत मावेना, म्हणून कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवून डावीकडून उजवीकडे फिरवत नऊ फोटो काढले. पाचव्यात आई खुर्चीवर बसलेली. सहाव्यात तिचा धाकटा मुलगा, तिच्या खांद्यावर हात ठेवून.

नऊ तुकडे कॉम्प्युटरवर सांधणाऱ्या कारागिराला फोटोच्या दुकानात सगळे शिंपी म्हणत. थोरल्या मुलाने त्याला बजावलं होतं, "नुसतं अंगण नको. स्वप्नातल्यासारखं काहीतरी करा." शिंप्याने अंगण काढून समुद्र घातला, दोन चंद्र टांगले, आकाशात मासे सोडले. सगळी मंडळी लाटांवर उभी, आणि बूट कोरडे. मोठ्या घरांत हे खपतं.

मी पुरता व्हायच्या आत भावांचं बिनसलं. थोरल्याला जुनं घर पाडायचं होतं, धाकटा सही करीना. थोरल्याचा दुकानात फोन आला.

"त्या सहाव्यातल्या माणसाला काढून टाका."

"काढतो साहेब. माणूस काढायला दोन मिनिटं लागतात. मागची जागा भरायला दोन तास."

"काय भरायचं ते भरा."

शिंप्याने सहावा फोटो उचलून टोपलीत टाकला. 'नक्की काढायचा?' असं कॉम्प्युटरने एकदा विचारलं. घरात तेवढंही कुणी विचारलं नव्हतं. रिकाम्या जागी त्याने समुद्रातून ढगांत जाणारा जिना बसवला आणि स्वतःशीच म्हणाला, "डोक्यावर मासे असले की खाली कोण बघतंय."

चूक एवढीच झाली की धाकट्याचं शरीर सहाव्या फोटोत होतं आणि पंजा पाचव्यात.

मला भिंतीवर चढवलं. पाहुणे मासे मोजून गेले, चंद्रांचं कौतुक करून गेले. चौथ्या महिन्यात सूनबाई चष्मा लावून जवळ आल्या.

"अहो, आईंच्या खांद्यावर हात कुणाचा?"

"माझाच असणार," थोरला पेपरातून म्हणाला.

"तुमचे दोन्ही खिशात आहेत."

पेपर खाली आला. शिंप्याला बोलावणं गेलं. तो बिचारा ओशाळून म्हणाला, "नवीन प्रत काढून देतो. हातावर एक पक्षी बसवतो, शोभून दिसेल."

आई उठून माझ्यापाशी आली. रोज सकाळी मला पुसायच्या निमित्ताने ती जिथे थांबायची, तिथला माझा कागद एव्हाना गुळगुळीत झाला होता. ती म्हणाली, "राहू दे रे तो हात. मला जड होत नाही."

"आई, लोक हसतील," थोरला म्हणाला.

"मग नव्या फोटोतून मलाही काढा," ती शिंप्याकडे वळली. "दोनच मिनिटांचं काम ना?"

शिंप्याने थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने पेपर पुन्हा वर केला.

नवीन प्रत आली. आईला काढलं नाही. आईशिवाय फोटो बरा दिसत नाही. तिच्या खांद्यावर एक पांढरा पक्षी बसला आहे आणि सगळे म्हणतात, किती जिवंत वाटतो. मला गुंडाळून रद्दीत द्यायचं ठरलं होतं. आईने मला ओढत आपल्या खोलीत आणलं आणि कपाटामागे उभं केलं. आता दुपारी घर निजलं की ती मला अर्धाच उलगडते. पाचव्या फोटोपर्यंत. मान वर करून मासे तिने अजून पाहिलेलेच नाहीत.

धाकट्याचा फोन येत नाही. सही अजून झालेली नाही.

कधी मी तुमच्या हाती लागलोच, तर पूर्ण उलगडायची तसदी घेऊ नका. मधोमध, त्या हातापाशी थांबा. एवढ्या मोठ्या समुद्रात खरं तेवढंच उरलंय, तेही चुकून.