ईशाच्या बापाबद्दल हिरालालचे मत

फर्स्ट शिफ्ट

स्टील प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर सातच्या त्या क्वार्टरमध्ये मत देण्याचा पहिला मान हिरालालचा. भाजीत मीठ किती हवं होतं, कूलरमध्ये पाणी कधी भरायचं आणि ‘ग्यारहवीं की छत’ या सीरियलमधली ईशा वाया गेली की नाही, हे सगळं तोच ठरवायचा. अडचण एवढीच, की साडेआठची ती सीरियल त्याला तीन आठवड्यांतून एकच आठवडा दिसायची. फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळी तो घरी. सेकंड शिफ्टला त्या वेळी तो प्लांटमध्ये, क्रेनच्या केबिनमध्ये. आणि नाइट शिफ्टच्या आठवड्यात ड्यूटीआधीची झोप घेत, डोक्यावरून चादर ओढून पडलेला. एक हिस्सा बघायचा आणि तिन्ही हिश्श्यांवर मत द्यायचं, असा त्याचा हिशोब.

राहिलेल्या भागासाठी त्याने घरात प्लांटची पद्धत लावली होती. तिथे शिफ्ट बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला सगळं सांगून जातो. कुठला ब्रेक ढिला आहे, कुठली दोरी घासली आहे. याला चार्ज देणं म्हणतात. सीरियलचा चार्ज त्याची मुलगी स्नेहल द्यायची, सकाळच्या चहाबरोबर.

त्या शनिवारी मात्र तो स्वतःच टीव्हीसमोर होता.

“कोचिंग सोडून नाटक करतो म्हणते हे पोट्टी. कावून?”

“तिले आवडते म्हणून, बाबा.”

“मलेही झोपाले आवडते. झोपतो का मी क्रेनवर?”

“क्रेनवरचं माहीत नाही,” स्वयंपाकघरातून त्याची बायको वंदना म्हणाली, “माह्या भावाच्या लग्नात मात्र मंडपात झोपले होते तुम्ही.”

स्नेहल हसली नाही. नेहरू नगरच्या कोचिंगमध्ये ती रोज स्कूटीने जायची, गणितं फळ्यावरून वहीत उतरवायची आणि तशीच वहीत ठेवून परत यायची. तिला भूगोल घेऊन बीए करायचं होतं. नद्या कुठून वळतात आणि का वळतात, हे वाचताना तिला भूक लागलेली कळत नसे. पण बापाला मुलगी इंजिनियर व्हायला हवी होती, क्रेनखाली हेल्मेट घालून उभी राहणारी साहेब. तिने मनाशी ठरवलं होतं: ईशा आपल्या बापाला सांगेल, त्यावर बाबाचं मत काय पडतं ते पाहायचं आणि मगच तोंड उघडायचं.

एपिसोड संपला तेव्हा ईशा बापाच्या पंख्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभी होती.

सोमवारपासून सेकंड शिफ्ट.

सेकंड शिफ्ट

जे झालं ते: ईशाचा बाप ओरडला. एक टेबलफॅन फुटला. ईशाची बॅग घराबाहेर आली, मागोमाग ईशा.

जो चार्ज मिळाला तो:

“मंग? काय म्हणाला बाप?” हिरालालने बशीत चहा ओतला.

स्नेहलने खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं. पण बापाचा चेहरा इतका उत्सुक होता, आणि टेबलफॅन फोडायची कल्पना त्याला आवडली तर काय घ्या.

“बाप म्हणाला, जा बेटा, अपने मन का कर.”

वंदनाच्या हातातला झारा कढईवर थांबला.

“असं म्हणाला?” हिरालालने विचारलं.

“हो. आणि डोक्यावरून हात फिरवला.”

त्याने बशी खाली ठेवली.

“समजदार माणूस आहे,” तो म्हणाला. “पोरीचं मन नसलं तर धक्का मारून गाडी किती चालवाची?”

स्नेहलला वाटलं, उठून नाचावं. नाचण्याऐवजी तिने दुसऱ्या दिवशी आणखी थोडं सांगितलं. बापाने पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी बाप नाटक पाहायला पहिल्या रांगेत बसला. शनिवारपर्यंत ईशाचा बाप असा संत झाला होता, की त्याला पंखे विकणं जमलं असतं की नाही, शंकाच आहे.

“पोट्टे, लय होऊन राहिलं,” वंदना हळूच म्हणाली. “थांब आता.”

नाइट शिफ्ट

(हिरालाल झोपला आहे. आवाज नको.)

फक्त एकदा, तो भाजी आणायला निघाला असताना शेजारच्या कलावती काकूंनी कुंपणावरून मत दिलं, “काय निर्दयी बाप आहे हो त्या ईशाचा! पोरीचा फोनही नाही उचलत.”

“काकू दुसरी सीरियल पाहतात, बाबा,” स्नेहल घाईने म्हणाली.

“मी?” काकू म्हणाल्या. पण हिरालाल पिशवी घेऊन पुढे गेला होता.

फर्स्ट शिफ्ट, परत

सोमवारी हिरालाल अंघोळ करून, केस विंचरून टीव्हीसमोर बसला. ईशाच्या बापाला भेटायचं होतं.

बाप आला. फोनवर मुलीचं नाव झळकलं. त्याने फोन उलटा ठेवला. मग, मागे काय झालं ते दाखवायला, टेबलफॅन पुन्हा एकदा फुटला.

“हा तोच बाप आहे?”

वंदनाने स्नेहलकडे पाहिलं.

“स्नेहल. मी तुले विचारून राहिलो.”

“तोच आहे.”

हिरालाल टीव्हीकडे पाहतच बोलला. “खोटा चार्ज देला तर क्रेनखालचा माणूस मरते, माहीत आहे न तुले? स्टोअरमधल्या ओमप्रकाशनं मले मागंच सांगतलं होतं, बापानं पोरीले हाकललं म्हणून. तो जनरल शिफ्टचा, संध्याकाळी घरीच असते, रोज पाहते. कामावरच्या सगळ्या गँगसमोर मी त्याले झूठा म्हटलं. माह्या पोरीनं चार्ज देला, म्हटलं. चहाच्या टायमाले रोज भांडलो त्या बापाच्या बाजूनं. पोरीले तिच्या मनाचं करू द्यावं, म्हटलं. तीन पोरींचे बाप होते तिथं, त्यांनाही ऐकवलं.”

स्नेहल उठून त्याच्याजवळ येऊन बसली.

“आता खरा चार्ज दे,” तो म्हणाला. “ईशाचा नोको.”

तिने दिला. कोचिंग, डोक्यात न उतरलेली गणितं, भूगोल, बीए. काही वाढवलं नाही.

“भूगोल,” हिरालाल म्हणाला. “त्यात हेल्मेट नाही लागत?”

“डोंगरात गेलं तर लागत असन,” वंदना म्हणाली.

“तू चूप बस. तुले सगळं माहीत होतं.”

टीव्हीवर ईशाचा बाप आता जोरात बोलायला लागला होता. आजकालची मुलं, आईबापांचे कष्ट, घराण्याचं नाव. हिरालालचं डोकं आपोआप हलू लागलं होतं. एकदा हललं, दोनदा हललं. मग तो दचकून उठला.

“बंद कर ते.”

“आवो, मले पाह्यचं आहे न!” वंदना म्हणाली.

“बंद कर म्हणतो. बरोबर बोलून राहिला तो.” त्याने स्वतःच रिमोट शोधला. “अजून ऐकलं त माह्यं मत बदलून जाईन. उद्या सकाळी ओमप्रकाशसमोर काय तोंड दाखवू?”