चौकड्यांच्या कागदावरची यादी

कॉलेजातून परत आलेला ईश्वरप्पा चपला न काढताच ओट्यावर बसला. मायाक्कानं नवऱ्याच्या मागून आलेल्या रहिमतुल्लाकडे बघितलं.

"यादी लागली, भाभी," रहिमतुल्ला म्हणाला. "दोनदा बघितली मी. वरून खाली, खालून वर. ऐंशी नावं हायेत. आपल्या दाक्षाचं न्हाय."

रहिमतुल्ला शेजारचा, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून. भवानी पेठेतल्या त्या बोळात इंग्रजी वाचणारा तो एकटाच. त्यानं नाही म्हटलं की संपलं.

ईश्वरप्पाची लेक दाक्षायणी तिकडे कुवेतला होती. नवरा सिद्धनाथ तिथे क्रेन चालवायचा. लग्नाच्या वर्षी ती बी. ए. झाली, निकाल हातात पडला आणि लगेच विमानात बसली. तिथेच तिला मुलगी झाली. त्या लेकीला मांडीवर थोपटत तिनं सोलापूरच्या बी. एड.चा अर्ज भरला होता. सिद्धनाथनं एकच वर्ष कबूल केलं होतं. यंदा नंबर लागला तर पोरीला घेऊन माहेरी राहा, शीक. नाही लागला तर हा विषय पुन्हा घरात काढायचा नाही. कॉलेज काही परदेशी पत्रं पाठवत नव्हतं. यादी बोर्डावर लागेल, ज्यानं त्यानं येऊन बघावी. म्हणून दाक्षायणीनं लिहिलं होतं, 'अप्पा, तुम्ही स्वतः जाऊन बघा. मला इथे घास उतरत नाही. हे कामावरून आले की आधी हातात पत्राचं पाकीट आहे का तेच बघते.'

"मग टाका की लिवून, न्हाय म्हणून," मायाक्का म्हणाली. "पोर तितं जीव टांगून बसली हाय."

"मी कसं लिवू?" ईश्वरप्पा म्हणाला. "मला वाचता येतंय का? रहिमतुल्ला, राग मानू नगंस. तू भावासारखा. पण पोरीनं बघायला मला सांगितलंय. दुसऱ्याच्या डोळ्यानं बघून माज्या पोरीला मी न्हाय म्हनू व्हय?"

"मग आता काय, ह्या वयात शाळेत नाव घालताय?" मायाक्का म्हणाली.

"जे बघितलं ते पाठवतो," तो म्हणाला आणि चपला काढून आत गेला.

ईश्वरप्पा चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचा. चौकड्यांच्या कागदावर एकेक घर भरायचं, त्यावरून पुठ्ठ्याची कार्डं पंच व्हायची आणि ती जकार्डच्या यंत्रावर चढली की मागावर मोर उतरायचा. तीस वर्षं त्यानं मोर काढले, कमळं काढली आणि गिऱ्हाइकांची नावंही काढली. मराठी, कानडी, इंग्रजी, जे समोर येईल ते. त्यातलं एक अक्षर त्याला वाचता येत नव्हतं. त्याच्या लेखी मोर तसं अक्षर. एक घर चुकलं तर दोन्ही लंगडे.

दुसऱ्या दिवशी त्यानं कारखान्यात खाडा केला, तिसऱ्या दिवशीही. दुपारी मायाक्का भाकरी घेऊन गेली, तर हा कॉलेजच्या व्हरांड्यात उभा. फळीला कागद टाचलेला, कानावर एक पेन्सिल, हातात दुसरी. बोर्डाकडे बघायचा, चार घरं भरायचा, पुन्हा बघायचा. जाणारी-येणारी पोरं थांबत होती.

"मामा, भिंतीची चादर विणताय का?" एकानं विचारलं.

"व्हय. तुज्या लग्नात देतो. बायको सापडली की सांग."

पोरं हसली. मायाक्कालाही हसू आलं, पण पदराआड. तीस वर्षं हा माणूस डोळे चोळत घरी यायचा आणि ती म्हणायची, दिवसभर रेघोट्या तर मारता. आज तिनं पहिल्यांदा त्याचा हात चालताना बघितला. वाऱ्यानं कागद फडफडत होता, पोरं धक्के देत होती, पण पेन्सिल कुठे थरथरत नव्हती. ऐंशी नावं झाली. खालच्या बारीक ओळी झाल्या. साहेबाची सही तिच्या शेपटासकट झाली. टाइपाच्या शाईचा एक डाग पडला होता, तोही त्यानं घेतला.

"डाग कशाला?" तिनं विचारलं.

"तो पुसायचा का ठेवायचा, हे ठरवनारा मी कोन?"

रहिमतुल्लानं पाकिटावर कुवेतचा पत्ता घातला. कागदाची घडी करताना म्हणाला, "ईश्वरप्पा, ह्यो हात न्हवं, छापखाना हाय." पण घडी घालताना त्यानंही पुन्हा वाचलं नाही. वाचण्यासारखं काय उरलं होतं?

मग वाट बघणं. तिकडे लेक, इकडे आई. मायाक्का रोज मनात पाकिटाबरोबर जायची. आज मुंबईला पोचलं असेल. आज विमानात. आज तिनं फोडलं असेल. आज ती रडत असेल, आणि पोर तिच्या तोंडाकडे बघत असेल.

अठराव्या दिवशी कुवेतहून तार आली. तारवाला दारात उभा राहिला तशी मायाक्कानं रहिमतुल्लाला हाक मारली. रहिमतुल्ला बनियनवरच धावत आला. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला, मग उजळला.

"भाभी, शेवटच्या ओळीत तिचा नंबर हाय! नावं न्हाईत तितं, नुसते अर्जाचे नंबर. मी नाव हुडकत बसलो अन् आकडे सोडून दिले. पदवीचा मूळ कागद न्हाय म्हणून जागा राखून ठेवलीय. तीस तारखेपर्यंत दाखवायचा. ती म्हणती, घरात हुडका."

त्या दिवशी एकोणतीस तारीख होती. अर्जाची पावती कुवेतला, नंबर ठाऊक फक्त दाक्षायणीला. म्हणजे तो कागद तिच्या डोळ्यांपुढे पोचला नसता तर कुणालाच कळलं नसतं.

मायाक्कानं कोपऱ्यातल्या पेटीकडे बघितलं. थंडीत पोस्टमननं दाक्षाच्या नावाची पुठ्ठ्याची एक पुंगळी दिली होती. तिनं अंगठा दिला होता. लेक येईल तेव्हा तिच्याच हातात देऊ, म्हणून पेटीत नव्या चादरींच्या तळाशी घातली आणि कुणाला सांगितलीच नाही.

"माज्याजवळ हाय," ती म्हणाली. "माज्याजवळच हाय, अवो. मीच झाकून ठिवलाय."

ईश्वरप्पानं पेटी पुढे ओढली.

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी तिघंही कॉलेजच्या पायरीवर होते. कारकुनानं पुंगळीतला कागद पसरला, नंबर ताडून बघितला आणि चष्मा वर सरकवला.

"बारा जागा राखल्या होत्या. चौघंच आले. बाकीच्यांनी खालची ओळ वाचलेलीच दिसत नाही. तुम्हाला कुणी वाचून दाखवली?"

"वाचली न्हाय, साहेब," ईश्वरप्पा म्हणाला. "काढली."

कारकुनाला काही समजलं नाही. त्यानं रजिस्टर उघडून नाव लिहायला घेतलं. मायाक्का नाव बघत नव्हती. ती नवऱ्याची बोटं बघत होती. टेबलाच्या कडेवर ती एकेक अक्षर गिरवत होती, कारकुनाच्या टाकाबरोबर, जराही मागे न पडता.

तार ऑफिसात रहिमतुल्लानं फॉर्म पुढे घेतला. "सांगा, भाभी."

"लिवा, नंबर लागला. अन् विमानात गार वारं असतंय, पोरीला कुंची घाल म्हनावं. अन् सिद्धनाथच्या जेवणाची सोय लावून ये. अन् रडू नगंस..."

"भाभी, ही तार हाय. पत्र न्हवं."

मायाक्का थांबली. नवऱ्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत डोळे चोळत होता.

"मग नुसतं 'ये' लिवा," ती म्हणाली.